एमएक्स-५ की जीटी८६ : मागच्या सीटचा प्रश्न

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी सकाळी मुलीची कार-सीट काखेत घेऊन मी इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यात एका गृहस्थांच्या दारात उभा होतो. जुनी गाडी पाहायला जाताना लोक टॉर्च नेतात, टायरच्या खाचांची खोली मोजायचे साधन नेतात, जमल्यास एखाद्या जाणकार मित्राला सोबत नेतात. टॉर्च माझ्याकडेही होता, परंतु त्या दिवशीचा खरा निवाडा त्या कार-सीटवर अवलंबून होता. गृहस्थांनी २०१५ सालच्या टोयोटा जीटी८६चे डावीकडचे दार उघडले, पुढची सीट सरकवून दिली आणि ते दोन पावले मागे झाले. मी दाराच्या उंबऱ्यावर गुडघा टेकवून आत वाकलो आणि ती सीट मागच्या अरुंद जागेत बसवू लागलो.

त्याआधीचे तीन महिने माझे मन दोन गाड्यांमध्ये अडकले होते. एक ही जीटी८६ आणि दुसरी माझ्दा एमएक्स-५, चौथ्या पिढीची, दोन लिटर इंजिनाची, २०१६च्या आसपासची. आम्ही स्टॉकपोर्टला राहतो आणि माझे ऑफिस वॉरिंग्टनला आहे. येऊन-जाऊन रोजचे साधारण पंचेचाळीस मैल होतात आणि त्यातले बहुतेक एम ६० आणि एम ५६ या मोटरवेवर जातात. घरात पत्नीची एक मोठी गाडी आहे, त्यामुळे पाहुणे, विमानतळ, महिन्याचे सामान यांची चिंता माझ्या गाडीवर नव्हती. दहा वर्षे इमानाने चाललेली माझी हॅचबॅक थकली, तेव्हा ठरवले की या वेळी मनासारखी गाडी घ्यायची. मात्र तीच गाडी सोमवार ते शुक्रवार ऑफिसला जाईल आणि तीच रविवारी डोंगरात जाईल, कारण तिसरी गाडी ठेवायला दारात जागा नाही आणि तिचा विमा भरण्याची तयारीही नाही. हाताशी बारा हजार पौंड होते.

रविवारी डोंगरात का, हे सांगायला हवे. मी वाईचा. पसरणी घाट माझ्या लहानपणाचा रस्ता. वडिलांची प्रीमियर पद्मिनी होती, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली, आणि पाचगणीला जाताना ते प्रत्येक वळणाच्या आधी गिअर खाली टाकत, वेग आधीच बेताचा करत आणि एकदा वळण सुरू झाले की ब्रेकला पाय लावत नसत. मागच्या सीटवर दोन पुढच्या सीटांच्या मधून डोके काढून मी ते पाहत असे. गाडी चालवणे हे काहीतरी नीट करण्याचे काम आहे, ही समज मला तिथे मिळाली. इथे मॅकल्सफील्डहून बक्स्टनला जाणारा ए ५३७ हा रस्ता आमच्या घरापासून जवळ आहे. माथ्यावर सुमारे ५१५ मीटर उंचीवर कॅट अँड फिडल नावाची जुनी खानावळ होती, तिच्यावरूनच या रस्त्याला लोक ओळखतात. दुसरा रस्ता स्नेक पास, म्हणजे ग्लॉसॉपहून लेडीबॉवर जलाशयाकडे उतरणारा ए ५७. दोन्हींवर वळणांमागून वळणे आहेत, दोन्ही बाजूंना ओसाड माळ आणि मेंढ्या आहेत आणि दोन्हींवर वेगमर्यादा ताशी ५० मैल आहे. कॅट अँड फिडलवर तर सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत.

माझ्या दृष्टीने ही वेगमर्यादा निवडीच्या मुळाशी होती. तीनशे अश्वशक्तीची गाडी घेऊन पन्नासच्या मर्यादेत चालवणे म्हणजे ती कायम आवरून धरणे. त्यामुळे निसान ३७०झेड यादीतून लवकर गेली. पोर्शे केमन बजेटमध्ये बसत होती, पण तिची दुरुस्ती त्या बजेटमध्ये बसली नसती. उरल्या त्या दोन हलक्या, टर्बो नसलेल्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या जपानी गाड्या, ज्यांची मजा पन्नासच्या आतच सुरू होते.

कागदावर त्या दोघी बहिणी वाटतात. जीटी८६ टोयोटा आणि सुबारू यांनी मिळून घडवली आणि २०१२ साली बाजारात आणली. तिचे मुख्य अभियंता तेत्सुया तादा होते आणि ती तयार होत असे सुबारूच्या गुन्मा येथील कारखान्यात. तिचे इंजिन सुबारूच्या परंपरेतले, आडवे पसरलेले, चार सिलिंडरचे. पिस्टनचा व्यास ८६ मिलिमीटर आणि त्याची धावही ८६ मिलिमीटर. नावातला आकडा १९८३च्या एई८६ कोरोलाची आठवण ठेवतो आणि इंजिनाच्या मापातही तो उतरला, याचे मला मनापासून कौतुक आहे. एमएक्स-५ हिरोशिमाची. पहिली एमएक्स-५ फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली आणि एप्रिल २०१६मध्ये तिची दहा लाखावी गाडी तयार झाली. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत या अर्थाचा 'जिनबा इत्ताई' हा जपानी शब्द माझ्दाने तिच्यासाठी वापरला आहे, आणि एकदा ती चालवली की तो शब्द जाहिरातीचा वाटत नाही.

फरक समजून घ्यायचा तर इंजिनाचा जोर कुठे येतो ते पाहावे लागते. जीटी८६ची ताकद २०० पीएस (जवळजवळ तेवढीच अश्वशक्ती) आहे आणि एमएक्स-५ची १६०, त्यामुळे पहिली बरीच सरस वाटते. परंतु इंजिनाचा पीळ (टॉर्क) जीटी८६मध्ये २०५ न्यूटन-मीटर आहे आणि तो मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्यांच्या आसपास मिळतो, तर एमएक्स-५मध्ये तो २०० आहे आणि ४,६०० फेऱ्यांनाच हाती येतो. त्यात एमएक्स-५चे वजन हजार ते पावणेअकराशे किलो आणि जीटी८६चे साडेबाराशेच्या जवळ. शिवाय जीटी८६च्या इंजिनात साडेतीन ते साडेचार हजार फेऱ्यांच्या दरम्यान एक खळगा आहे. पाय दाबूनही तेवढ्या टप्प्यात गाडी क्षणभर रेंगाळते आणि मग पुढे झेप घेते. रोजच्या रहदारीत आपण नेमके त्याच टप्प्यात असतो. म्हणजे कागदावर अशक्त असलेली गाडी गावातून चालवताना जास्त तरतरीत वाटते, आणि हे मला दोन्ही गाड्या एकापाठोपाठ चालवल्यावरच उमगले.

मी स्वभावाप्रमाणे तक्ता केला होता. एका रकान्यात आठवड्याचे पाच दिवस, दुसऱ्यात शनिवार-रविवार, आणि प्रत्येक बाबीला गुण. मोटरवेवरचा आवाज, डिकी, पेट्रोल, पाऊस एकीकडे. वळणे, गिअर, मोकळे आकाश दुसरीकडे. बेरीज जवळजवळ सारखी आली आणि महिनाभर मी त्या आकड्यांशी खेळत राहिलो. आता वाटते, चूक बेरजेत नव्हती, रकाने पाडण्यातच होती. गाडी एकच असते. सोमवारी सकाळी सात वाजता पावसात तिच्याकडे जाताना जे मनात येते, तेच रविवारीही सोबत असते. आठवडाभर जिचा त्रास सोसला तिच्यावर रविवारी जीव लावणे मला तरी जमले नसते.

पहिली एमएक्स-५ मी एका विक्रेत्याकडे पाहिली. दिसायला देखणी, अडतीस हजार मैल फिरलेली. निघण्यापूर्वी नंबर टाकून तिचा एमओटीचा, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा, इतिहास पाहिला होता. ब्रिटनमध्ये ही सोय सरकारने मोफत दिली आहे आणि जुनी गाडी घेणाऱ्याने तिच्यावर अर्धा तास खर्च करायलाच हवा, कारण तिथे प्रत्येक वर्षीचे मैल, नापास होण्याची कारणे आणि तपासनिसाने दिलेल्या सूचना ओळीने मांडलेल्या असतात. या गाडीच्या नावावर सलग तीन वर्षे एकच सूचना होती: मागचे टायर कायदेशीर मर्यादेच्या जवळ झिजलेले. ती मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. प्रत्यक्षात गेल्यावर दिसले की मागे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे स्वस्त टायर होते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या गाडीला एकाच आसावर बेजोड टायर घालणारा मालक इतर ठिकाणी काय करत असेल, हा विचार मनात आलाच. मग मी ड्रायव्हरच्या सीटमागे वाकून गालिच्याखाली हात घातला. हात ओला झाला. कापडी छपरावर पडलेले पाणी सीटांच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या पन्हळीत येते आणि तिथून नळ्यांतून खाली जाते. त्या नळ्यांत पानांचा चिखल साचू दिला की पाणी आत मुरते. वर्षातून दोनदा पाच मिनिटे देऊन टळण्यासारखी ही गोष्ट कोणीतरी टाळली होती. गाडी नाकारायला मला एवढे पुरेसे होते.

परंतु एका मालकाचा हलगर्जीपणा म्हणजे मॉडेलचा दोष नव्हे, म्हणून मी दुसरी एमएक्स-५ शोधली. ती बक्स्टनजवळच्या एका निवृत्त शिक्षिकेची होती. प्रत्येक सर्व्हिसची पावती फाइलमध्ये, चारही टायर एका जातीचे, गालिचा कोरडा ठणठणीत. त्या स्वतः शेजारी बसल्या आणि म्हणाल्या की छप्पर उघडूनच चला. एमएक्स-५चे छप्पर उघडायला बटण नाही. आरशाजवळची कडी सोडायची, हात मागे न्यायचा आणि छप्पर मागे लोटून दाबायचे, सीटवरून उठावेही लागत नाही. ऑक्टोबरचे ऊन होते, थंडी होती, हीटर पायाशी सुरू होता. पहिल्याच वळणावर गाडी एका बाजूला किंचित झुकली, स्थिरावली आणि पुढचे चाक रस्त्याच्या कोणत्या खडीवरून जात आहे तेही मला कळले. गिअरचा दांडा इतका आखूड आणि इतका नेमका की मनगट हलवले की पुढचा गिअर पडलेला असतो. ओल्या गवताचा आणि शेणाचा वास आत येत होता. चाळीसच्या वेगाने मला इतका आनंद कोणत्याही गाडीने दिलेला नाही, हे मी आजही निःसंकोच सांगतो.

परत येताना मी छप्पर लावले आणि मोटरवेची कल्पना यावी म्हणून मोठ्या रस्त्याला लागलो. मी रोज सकाळी पावणेआठला घरून निघतो, तेव्हा वाईत उन्हाळ्यात सव्वाबारा आणि हिवाळ्यात सव्वा वाजलेला असतो. आईचे जेवण होत आलेले असते आणि वॉरिंग्टन येईपर्यंत आम्ही बोलतो. वडील गेल्यापासून हा नेम चुकलेला नाही. म्हणून मी मुद्दाम गाडीच्या स्पीकरवरून आईला फोन लावला. सत्तरच्या वेगाला कापडी छपरावरून वारा आणि खालून टायर असा मिळून जो आवाज येत होता, त्यात मला तिची निम्मी वाक्ये कळली नाहीत. दोन-तीनदा मी विचारले, तेव्हा तीच म्हणाली, "अरे, तू पावसात उभा राहून बोलतोयस का? घरी पोच आणि मग फोन कर."

आणखी एक गोष्ट होती. माझी उंची सहा फुटांना थोडी कमी आहे आणि २०१६च्या एमएक्स-५चे स्टिअरिंग वर-खाली होते, पण आपल्याकडे ओढता येत नाही. ही सोय २०१८च्या शेवटी आलेल्या सुधारित गाडीत मिळाली; त्याच वेळी दोन लिटर इंजिनाची ताकदही १८४ पीएसवर गेली. ती गाडी माझ्या बजेटबाहेर होती. जुनीत बसल्यावर हात लांबवले की गुडघे अडत आणि गुडघे सोडवले की हात लांब पडत. अर्ध्या तासाला काही वाटत नाही, पण रोजच्या दीड तासाला वाटेल हे उघड होते. हातमोज्यांचा कप्पाही नाही आणि डिकी १३० लिटरची, म्हणजे ऑफिसची बॅग आणि एक छोटी पिशवी. हे मात्र मी सहज सोसले असते.

आता त्या कार-सीटकडे येतो. इंग्लंडमध्ये मूल १२ वर्षांचे किंवा १३५ सेंटिमीटर उंचीचे, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत त्याला योग्य कार-सीट लागते. माझी मुलगी आठ वर्षांची आहे. एमएक्स-५मध्ये ती पुढे, माझ्या शेजारी बसू शकली असती आणि त्यात कायद्याची अडचण नव्हती. पण मग तिची आई घरी राहिली असती, किंवा आई आली तर ती घरी. तिघांनी मिळून त्या गाडीत कधीच बसता आले नसते. पत्नीने याबद्दल तक्रार केली नाही. ती एवढेच म्हणाली, "रविवारी तू कुठे गेला होतास ते आम्ही फोटोत पाहायचं का?" त्या वाक्याने मी गप्प झालो, कारण मी घाट शिकलो तोच मुळी मागच्या सीटवरून.

जीटी८६च्या मागच्या सीटबद्दल कोणतीही भलावण मला करायची नाही. माझ्या सीटमागे माझी सीट माझ्या मापाला लावल्यावर माणूसच काय, पिशवीही नीट राहत नाही. परंतु पत्नीची उंची पाच फूट दोन इंच असल्याने डावीकडची सीट बरीच पुढे घेता येते आणि तिच्या मागे आठ वर्षांच्या मुलाचे पाय मावतात. त्या शनिवारी कार-सीट बसली, पट्टा वळसा न घेता लागला, आणि मुलीचे डोके जिथे येईल तिथपासून काचेपर्यंतचे अंतर मी मागे हात घालून मोजले. चार बोटे आणि थोडे वर. त्यानंतर कार-सीट काढली आणि मागच्या सीटची पाठ खाली पाडली. ती एकसंध आहे, आणि पाडल्यावर चार सुटी चाके मावतील एवढी जागा होते, कारण शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतःचे टायर घेऊन जाणाऱ्या माणसाचा विचार आराखड्यातच केलेला होता. मला त्या जागेत माझी सायकल दिसली.

मग गाडी चालवली. पहिल्या दहा मिनिटांत थोडी निराशा झाली, हे कबूल करतो. एमएक्स-५नंतर ही जड वाटली, इंजिनाचा आवाज खडबडीत वाटला आणि तो खळगा प्रत्येक वेळी जाणवला. पण साडेचार हजारांच्या वर इंजिनाचा स्वर बदलतो आणि सात हजारांपर्यंत ते मोकळे सुटते. स्टिअरिंग एमएक्स-५पेक्षाही वेगाने उत्तर देते. गाडी झुकत नाही, बसल्या जागी वळते. बसायची जागा इतकी खाली आणि इतकी माझ्या मापाची होती की पाठीला पुन्हा काही विचारावे लागले नाही. मोटरवेवरून मी आईला फोन लावला. टायरचा आवाज होताच, शांत गाडी म्हणता येणार नाही, पण भाजीत मीठ जास्त झाले होते हे मला पहिल्या वेळेस ऐकू आले.

या गाडीला मुळात कंपनीने २१५ मिलिमीटर रुंदीचे मिशलिन प्रायमसी टायर दिले होते, प्रियससारख्या साध्या गाडीला मिळत तेच. हेतू असा की गाडीची पकड कमी वेगातच थोडी सुटावी आणि चालवणाऱ्याला ती जाणवावी. कोरड्या ट्रॅकवर हा विचार सुंदर आहे. नोव्हेंबरमध्ये डिझेल सांडलेल्या ओल्या राउंडअबाउटवर मला तो नको होता. सुदैवाने आधीच्या मालकाने चारही टायर बदलून चांगल्या पकडीचे बसवले होते आणि पावत्या जपल्या होत्या.

खर्चात जीटी८६ महाग आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. तिच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातले मिश्रण किती पट दाबले जाते ते, १२.५ असून तिला ९८ ऑक्टेनचे पेट्रोल हवे. माझ्दाचे इंजिन १३ कॉम्प्रेशन असूनही साध्या ९५वर चालते. कंपनीच्या आकड्यांनुसार गॅलनला साधारण ३६ मैल विरुद्ध ४१. एप्रिल २०१७पूर्वी नोंदलेल्या गाड्यांचा रस्ताकर धुरातल्या कार्बनवर ठरतो, तिथेही जीटी८६ला जास्त पडतो. सुरुवातीच्या, म्हणजे २०१२-१३च्या आसपासच्या इंजिनांसाठी सुबारूने २०१८मध्ये व्हॉल्व्ह स्प्रिंगचे रिकॉल जाहीर केले होते, म्हणजे दोष दुरुस्त करायला गाड्या परत बोलावल्या होत्या. त्या काळातली गाडी कोणी पाहत असेल तर चेसिस नंबरावरून ते काम झाले की नाही हे आधी विचारून घ्यावे. माझी गाडी त्यानंतरची. तिचे चौपन्न हजार मैल झाले होते आणि साठ हजारांच्या सुमारास स्पार्क प्लग बदलावे लागतात. आडव्या इंजिनात प्लग दोन्ही बाजूंना, चेसिसच्या भिंतीकडे तोंड करून असतात, हात जायला जागा नसते, आणि त्यामुळे या साध्या कामाची मजुरी मोठी होते. हे मी गृहस्थांना सांगितले. त्यांनी घासाघीस न करता तेवढे पैसे कमी केले. गाडीवर कर्ज शिल्लक नाही हे नंबरावरून तपासले, नोंदणीच्या कागदावरचे नाव आणि पत्ता त्यांच्या दाराशी जुळवून पाहिला आणि पुढच्या शनिवारी किल्ली घेतली.

बक्स्टनच्या बाईंना फोन करून नकार कळवणे मला गाडी घेण्यापेक्षा अवघड गेले. त्यांची गाडी निर्दोष होती आणि मूल नसलेल्या, किंवा मुले मोठी झालेल्या, मोटरवेवर रोज न जाणाऱ्या कोणालाही मी आजही डोळे मिटून तीच घ्यायला सांगेन. जूनमध्ये कॅट अँड फिडलवर समोरून छप्पर उघडलेली एमएक्स-५ आली की माझ्या पोटात हलते.

गेल्या रविवारी आम्ही तिघे स्नेक पासवरून लेडीबॉवरला गेलो. वळणाच्या आधी मी गिअर खाली टाकला, तेव्हा दोन सीटांच्या मधून मुलीने विचारले, "बाबा, आत्ता का केलंस ते, रस्ता तर अजून सरळ आहे?" मी तिला वळण दाखवले. तिची उंची आता १२८ सेंटिमीटर आहे. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला आम्ही पेन्सिलीने खूण करतो. १३५ची खूण मी आधीच करून ठेवली आहे, आणि ती तिथे पोचेल तेव्हा काचेशी चार बोटे उरतील की नाही, हे मी त्या दिवशी पुन्हा मोजणार आहे.